सात दिवसांची मोजणी

“आता जा!” भिंगताई ओरडली.

प्लायवुडच्या भिंतीपलीकडे खुर्ची करकरली आणि सपाता फटफटत स्वयंपाकघराकडे गेल्या. भिंगताईच्या टेबलावर पत्र्याचा एक डबा होता आणि डब्यावर तांबडे आकडे. ते बेचाळीस हजारांवरून घसरत घसरत अडीच हजारांपाशी आले.

“आता ये! बस!”

सपाता परत आल्या. खुर्ची पुन्हा करकरली आणि आकडे चढले तसे थेट बेचाळीस हजारांवर.

“अगं, अख्ख्या शाळेत मी एवढ्या उठाबशा काढल्या नव्हत्या,” दादा पलीकडून म्हणाला. त्याला धाप लागली होती. “साठी उलटल्यावर ही कसली शिक्षा?”

“शिक्षा नाही, प्रयोग आहे.”

“प्रयोग बेडकावर करतात.”

“बेडूक मिळाला नाही, म्हणून तर तुला बसवलंय. आता परत जा.”

भिंगताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तिने एकतीस वर्षं काचा घासल्या होत्या. गावातल्या निम्म्या लोकांना जग स्पष्ट दिसतं ते तिच्या बोटांच्या कृपेने, असं दुकानाचे मालक गिऱ्हाइकांना सांगत. पगार वाढवायची वेळ आली की मात्र त्यांना या कृपेचा विसर पडे. तिने लग्न केलं नाही. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्या घरात मागची खोली तिची होती. खोलीला खिडकी नव्हती आणि भिंगताईला ती नकोच होती, कारण तिच्या छंदाचा एकुलता एक वैरी म्हणजे उजेड.

छंद जरा जगावेगळा होता. डोळ्यांना न दिसणारे किरण मोजायची यंत्रं ती घरी बनवी. असे किरण थोडेथोडे सगळीकडे असतात. विटांत असतात, मिठात असतात, आभाळातूनही येतात, आणि कुणाचं काही वाकडं करत नाहीत. तिच्या डब्यात एक पारदर्शक स्फटिक होता. किरण त्यात शिरला की आत बारीकशी ठिणगी उडायची. स्फटिकाला चिकटून बसलेली काचेची नळी ती ठिणगी टिपायची, वीज करून मोठी करायची आणि मोजणीत एकाची भर पडायची. मिनिटाला अशा किती ठिणग्या, तो आकडा डब्यावर दिसायचा. एवढंच. पण ठिणगी इतकी नाजूक, की बाहेरच्या उजेडाचा केसाएवढा कवडसा जरी आत शिरला तरी नळी बिथरायची आणि आकडे सैरावैरा धावायचे. म्हणून सगळ्या यंत्राला काळी चिकटपट्टी गुंडाळायची. ही पट्टी गुंडाळण्यात भिंगताईचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

स्फटिक तर तिने अक्षरशः पुन्हा जन्माला घातला होता. भंगारात निघालेल्या एका दवाखान्याच्या यंत्रातला तो तुकडा, दमट हवा लागून कडेने पिवळा पडलेला. मिठासारखी जात, पाणी तर सोडाच, बोटांचा घाम लागला तरी खराब व्हायची. भिंगताईने प्लास्टिकच्या पेटीला दोन भोकं पाडली, त्यांना रबरी हातमोजे चिकटवले आणि पेटीच्या आत, कोरड्या हवेत, तेलाखाली तो तुकडा घासायला घेतला. सात महिने घासला. पिवळेपणा गेला तेव्हा स्फटिक आवळ्याएवढा उरला होता, पण असा लखलखीत की वहिनीने पाहिला आणि म्हणाली, “वन्सं, याची कुडी करून घाला कानात!”

आणि आता असा हा स्फटिक घातलेलं यंत्र बुधवारी संध्याकाळी सहा वाजता वेड्यासारखं वागत होतं. तेही मोजणी सुरू होऊन तीन दिवस झाल्यावर.

या मोजणीचं प्रकरण असं, की गावात असली यंत्रं करणारे रेडिओवाला, छपाईवाला असे आठ-नऊ जण होते. महिन्यातून एका रविवारी ते वाचनालयाच्या माडीवर जमत. त्यांचे प्रमुख म्हणजे निवृत्त हेडमास्तर. यंत्र खरं की खोटं ठरवायची त्यांची एकच कसोटी होती. सात दिवस ते अखंड चालवायचं, उघडायचं नाही, आणि आकड्यांची नोंद आणून दाखवायची. रेघ सरळ असेल तर पास. मध्येच उंचवटा आला आणि त्याचं कारण सांगता आलं नाही, तर सहा महिन्यांनी पुन्हा या. जो पास होई त्याचं नाव माडीवरच्या लाकडी कपाटाच्या दारावर पांढऱ्या रंगाने लिहिलं जाई. दारावर सहा नावं होती. भिंगताई दोनदा नापास झाली होती आणि दोन्ही वेळा दोष बाजारातून आणलेल्या स्फटिकाचा होता. या खेपेला स्फटिक तिच्या हातचा होता. ते दार तिला स्वप्नातसुद्धा दिसायचं.

“खिशात काय आहे तुझ्या?” ती दारात येऊन उभी राहिली.

“झडती?” दादाने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, खोकल्याच्या गोळ्या, बंद पडलेलं पेन, डेपोतला जुना बिल्ला. दादाने पस्तीस वर्षं बस चालवली होती आणि खिशातून अजून डेपो बाहेर पडत होता. तिने एकेक वस्तू डब्यासमोर धरली. काही नाही. जुन्या घड्याळांच्या काट्यांवरच्या चमकत्या रंगाने आकडे वाढतात, म्हणून घड्याळही काढून घेतलं. काही नाही. वर्तमानपत्र नेलं, खुर्चीवरची उशी नेली, शेवटी खुर्चीच उचलून नेली. यंत्र ढिम्म.

“मग आता उरलो मीच,” दादा म्हणाला आणि मोठ्या ऐटीत डब्यापाशी जाऊन उभा राहिला.

आकडे लाखाच्या वर गेले.

“बघ!” दादा हसला. “आई म्हणायचीच, पोरगा तेजस्वी आहे. तुम्हा कुणाला पटलं नाही.”

आणि मग त्याचं हसू एकदम मावळलं. त्याने डब्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या दंडाकडे, आणि शर्टाची बाही खाली ओढली. “मी जरा पडतो,” असं काहीसं पुटपुटत तो निघून गेला.

भिंगताईचं लक्ष नव्हतं. केसाच्या शंभराव्या भागाएवढी काचेतली चूक तिला दिसायची, पण समोरच्या माणसाचा चेहरा बदलला तर तो कुणीतरी दाखवून द्यावा लागायचा. तिने यंत्रावर घोंगडी टाकली, खोलीतला दिवा मालवला, स्वतः घोंगडीत शिरली. कुठेतरी उजेड गळतोय, नाहीतर दादाचा तो नायलॉनचा शर्ट, त्यातली वीज नळीला झोंबतेय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. भाऊ नेहमीचाच होता, तेव्हा बिघडलं असेल ते यंत्रच. असली चूक यंत्र करणाऱ्यांखेरीज दुसरं कुणी करणार नाही.

वहिनी बाजारातून लोकरीच्या गुंड्या घेऊन आली तेव्हा वन्सं घोंगडीत होत्या.

“ताप आला की काय?” वहिनीने विचारलं.

“नाही. उजेड शोधतेय.”

“घोंगडीत?” वहिनी म्हणाली आणि लोकर मोजायला बसली. ती सोमवारी सकाळच्या गाडीने लेकीकडे निघणार होती. लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. मागच्या वर्षी एकदा हातातोंडाशी आलेलं सुख गेलं होतं, म्हणून या वेळी आई शेजारी हवी असा लेकीने धोशा लावला होता. वहिनी दोन महिन्यांचं सामान दोन आठवडे भरत होती. रविवारी वन्संचं नाव कपाटावर चढलेलं बघायचं आणि सोमवारी गाडी धरायची, असा तिचा बेत होता.

गुरुवारी सकाळी सातला दादा खुर्चीत बसला. तो सकाळी बरोबर सातला आणि संध्याकाळी बरोबर सहाला तिथे बसायचा, तासाभराने उठायचा. निवृत्त झाला तरी वेळापत्रक सुटलं नव्हतं. भिंगताईने आकडे लिहिले. विटा-आभाळाचे रोजचे अकराशे वजा जाता आठ हजार चारशे. संध्याकाळी सहाला दोन हजार एकशे पन्नास.

तिने पेन्सिल थांबवली. उजेड गळत असता तर तो रोज तेवढाच गळला असता. हे तर शिस्तीत उतरत होतं.

तिने कप्प्यातून वर दाटत जाणाऱ्या चौकटींचा कागद काढला, तीन ठिपके मांडले आणि फूटपट्टी लावली. ठरावीक वेळाने अर्धं अर्धं होत जाणारं काहीही या कागदावर सरळ रेघेत उतरतं. तिन्ही ठिपके एका रेषेत. असे एका रेषेत, की पेन्सिलीची रेघ काढताना तिच्या अंगावर काटा आला. तिने हिशेब केला. दर सहा तासांना, किंबहुना थोडं आधीच, अर्धं. घरी बसून कुणी इतकी देखणी उतरती रेघ काढल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. हेडमास्तरांचे डोळे पांढरे होतील, रेडिओवाला तर महिनाभर झोपणार नाही! जुन्या पुस्तकाच्या शेवटी तक्ता होता. तिने बोट फिरवत सहा तासांची ओळ गाठली आणि पुढचं वाचलं.

ते द्रव्य विटांत नसतं, मिठात नसतं. ते दवाखान्यात असतं. शिरेतून टोचतात आणि माणसाला मोठ्या यंत्राखाली निजवतात. हाडं बघायला, नाहीतर हृदय बघायला. सहा तासांहून थोडं लवकर अर्धं का होतंय, तेही तिला कळलं. थोडं शरीरच बाहेर टाकत होतं. रेघ यंत्राच्या बिघाडाची नव्हती, जिवंत माणसाची होती.

बुधवारच्या उठाबशा आठवून तिला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

दादा मागच्या पायरीवर बसला होता. वहिनी शेजारणीकडे लोकर दाखवायला गेली होती. भिंगताई त्याच्या शेजारी टेकली आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

“काल सकाळी डेपोतल्या मित्राकडे गेला होतास ना?”

“हो.”

“तो मित्र सुया टोचतो का?”

दादाने रेघेकडे पाहिलं. त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नसावं, पण खाली तिने बारीक अक्षरात लिहिलेलं दादा, खुर्ची, अंतर दोन मीटर हे त्याने वाचलं.

“छातीचं आहे,” तो म्हणाला. “जिना चढलो की हत्ती बसल्यासारखं होतं. दोन महिने झाले. उद्या कळेल काय ते.”

“दोन महिने! आणि ताकास तूर लागू दिली नाहीस?”

“कुणाला सांगू? तुझ्या वहिनीला? ती सोमवारी जाईल का मग? पोरगी तिकडे दिवस मोजतेय. हिला कळलं तर ही माझ्या उशाशी पेज घेऊन बसेल, मी इकडे पेज पीत बसेन आणि पोरगी तिकडे एकटी रडेल.” तो थांबला. “तुला सांगणार होतो. पण तुझी ती मोजणी चालली होती. तीन वर्षं बघतोय, हातात दुसरं काही धरत नाहीस. म्हटलं, रविवार होऊ दे.”

भिंगताईला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. मग तिने पदराने नाक पुसलं.

“बुधवारी मी तुला उठाबशा काढायला लावल्या.”

“त्याने बरं वाटलं उलट. म्हटलं, हिच्या यंत्रापुढे का होईना, अजून उठता-बसता येतंय.” दादाने कागद घडी करून तिच्या हातात दिला. “शपथ घाल स्वतःला. सोमवारची गाडी सुटेपर्यंत तोंडातून अक्षर नाही.”

शुक्रवारी दुपारी तिने दुकानातून तासाभराची सुटी काढली आणि दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. हृदयाची एक नळी एका ठिकाणी अरुंद झाली होती. गोळ्या घ्या, चढ हळू चढा, दोन महिन्यांनी पुन्हा बघू. घाबरण्यासारखं नाही, पण अंगावर काढण्यासारखंही नाही, असं बाईंनी सांगितलं. जिन्यावरून उतरताना दादा म्हणाला, “दोन महिने म्हणजे ही परत येईल तेव्हाच की. वेळापत्रक जुळलं!” भिंगताईने गोळ्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या, कारण दादाच्या खिशाचे हाल तिने पाहिले होते.

रविवारी अकरा वाजता वाचनालयाच्या माडीवर मंडळी जमली. जिना चढताना भिंगताई दर पाच पायऱ्यांना डबा कठड्यावर टेकवत होती. दादा तिच्यामागे उभा राहून “काय जड केलंयस गं हे!” असं म्हणत होता. डबा दोन किलोचाही नव्हता. वहिनी बिस्किटांचा डबा घेऊन पुढे गेली होती आणि पहिल्या रांगेत मधली खुर्ची अडवून बसली होती. कपाटाचं दार तिच्या अगदी समोर होतं. हेडमास्तरांनी पांढऱ्या रंगाची बाटली आणि बारीक कुंचला आणून ठेवलेला तिने पाहिला होता आणि ती खुशीत होती.

हेडमास्तरांनी आधी स्फटिक तपासला. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिले.

“हे हाताने घासलंत?”

“हो.”

“तेलाखाली?”

“हो.”

“पन्नास वर्षांत असं काम बघितलं नाही मी,” ते म्हणाले. हेडमास्तर कौतुक करत ते वर्षाकाठी एकदाच, आणि या वर्षीचं त्यांनी इथे खर्च केलं. रेडिओवाल्याने मान उंच करून पाहिलं आणि खाली घातली. वहिनीने मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “आमच्या वन्सं!”

मग त्यांनी सात दिवसांची नोंद उलगडली. लांबच लांब कागदावर अकराशेची रेघ निवांत चालली होती, आणि बुधवार आला. त्यांचं बोट तिथे थबकलं.

“हे काय?”

“उंचवटा,” भिंगताई म्हणाली.

“उंचवटा? हा तर डोंगर आहे. बुधवारी सहाला, गुरुवारी सातला, पुन्हा सहाला. एकेक तास. आणि मग शुक्रवारनंतर गायब.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “कारण?”

कारण तिच्या पर्समध्ये होतं. चार घड्या घातलेला तो चौकटीचा कागद, शुक्रवार सकाळचा चौथा ठिपकाही त्यावर बरोबर रेघेवर पडला होता. तो टेबलावर ठेवला असता तर पास होणं राहू द्या, हेडमास्तरांनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं असतं. आणि मग साहजिकच पुढचा प्रश्न आला असता, की कुणाला टोचलं होतं? पहिल्या रांगेतली वहिनी भोळी होती, पण आंधळी नव्हती. बुधवारी सकाळी घरातून कोण गेलं होतं, ते तिला बोटावर मोजायचीही गरज नव्हती.

भिंगताईने दादाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं.

“उजेड गळत होता,” ती म्हणाली. “पट्टी सुटली होती.”

माडीवर कुजबुज झाली. तिची पट्टी? रेडिओवाल्याची सुटते, छपाईवाल्याची दर महिन्याला सुटते. पण हिची?

“सकाळी सात आणि संध्याकाळी सहा,” हेडमास्तर विचार करत म्हणाले. “तिरपं ऊन. खिडकीतून येत असणार.”

“अहो पण त्या खोलीला खिडकीच नाही!” वहिनी उभी राहिली. “मी सांगते ना, मी रोज केर काढते तिथे! आणि वन्संची पट्टी सुटणं शक्य नाही. मागच्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीला लावलेली यांची पट्टी अजून प्लंबरला निघत नाहीये!”

लोक हसले. जी बाई भिंगताईची बाजू घेऊन भांडत होती, तिलाच गप्प करायची वेळ आली होती.

“खिडकी नाही, दिवा आहे,” ती म्हणाली. “सकाळी कामाला जाताना लावते, संध्याकाळी आल्यावर लावते. खाली बस ना वहिनी. बुधवारी पट्टी सुटली, शुक्रवारी मी परत लावली.”

“परत लावली?” हेडमास्तरांचा आवाज शाळेतला झाला. “म्हणजे मोजणी चालू असताना यंत्राला हात लावलात?”

“लावला.”

“बाई, नियम ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. माझी चूक.”

दोन शब्द. पण एकतीस वर्षांत दुकानातून परत आलेल्या काचेबद्दलही तिने ते कधी उच्चारले नव्हते, कारण काच कधी परत आली नव्हती. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. तो दादा होता. तो उठू पाहतोय हे खुर्चीच्या आवाजावरून तिला कळलं आणि तिने मागे न बघता मोठ्याने सांगितलं, “दादा, बस!” बुधवारच्याच आवाजात. खुर्ची करकरली. दादा बसला.

हेडमास्तर बराच वेळ त्या डोंगराकडे बघत होते. प्रत्येक शिखर आधीच्यापेक्षा कसं बुटकं होत गेलं, हे त्यांना दिसत असावं. त्यांनी एकदा भिंगताईकडे पाहिलं, एकदा मागच्या रांगेतल्या दम खाणाऱ्या माणसाकडे. मग कागदाची गुंडाळी केली.

“दिव्याचा उजेड,” ते वहीत लिहीत म्हणाले. “सहा महिन्यांनी पुन्हा या. स्फटिकाला माझ्याकडून शंभरपैकी शंभर. नियमाला मात्र इलाज नाही.” आणि त्यांनी रंगाच्या बाटलीचं झाकण, जे उघडलंच नव्हतं, पुन्हा एकदा घट्ट केलं.

घरी येताना वहिनी वाटभर हेडमास्तरांचा उद्धार करत होती. “तुमच्या जागी मी असते तर कुंचला हिसकावून स्वतःच लिहिलं असतं! वन्सं, तुम्ही फार गरीब आहात. अहो, तुम्ही तरी बोलायचं होतंत दोन शब्द. मूग गिळून बसलात!”

“मला त्यातलं काय कळतं?” दादा म्हणाला.

सोमवारी सकाळी गाडी वेळेवर आली. वहिनीने खिडकीतून तीन वेळा सांगितलं की दूध तापवायला विसरू नका, दोन वेळा सांगितलं की दार लावून घ्या, आणि शेवटी वन्संचा हात धरून म्हणाली, “सहा महिन्यांनी मी असणार हं. बाळाला घेऊन येते, बघते कसं लिहीत नाहीत!” लेकीकडे निघालेल्या बाईचा चेहरा इतका उजळलेला होता, की भिंगताईला कालचं काहीच आठवेना. गाडी वळणाआड गेली तरी दोघं हात हलवत उभी राहिली.

स्थानकापासून घरापर्यंत चढ होता. भिंगताई हळू चालत होती आणि हळू चालण्याला निमित्तं शोधत होती. आधी तिने चप्पल सारखी केली, मग छत्र्यांच्या दुकानाची पाटी वाचली, मग किराणा दुकानाची. तिसऱ्या पाटीशी दादा म्हणाला, “आता ती गेली. आता कशाला नाटक?”

“मी कुठे नाटक करतेय?”

“मला दम लागलाय,” दादा म्हणाला. पस्तीस वर्षांत ज्याने गाडी उशिरा आली हे कधी कबूल केलं नव्हतं, तो माणूस भर रस्त्यात विजेच्या खांबाला हात लावून उभा राहिला. “थांबू जरा.”

ती थांबली. कामावर जाणारी माणसं दोघांना वळसा घालून पुढे जात होती. दादाने दोनचार श्वास घेतले आणि समोर बघतच म्हणाला,

“तुझी पट्टी सुटली नव्हती.”

“नव्हतीच मुळी.”

“कधी सुटत नाही तुझी पट्टी. भर सभेत बोलायला हवं होतं मी. आता इथे बोलतोय, ऐकायला कुणी नसताना.”

“मी आहे ना,” भिंगताई म्हणाली.

दादाने मान हलवली. त्याचा श्वास जागेवर यायला अजून थोडा वेळ लागला. तेवढा वेळ ती त्याच्या शेजारी उभी राहिली, कुठलीही पाटी न वाचता. मग तो म्हणाला, “चल,” आणि दोघं त्याच्या चालीने चढ चढू लागली.